अर्धवेळ क्वालिटी कन्सल्टन्सी: तासाला किती सांगायचे?

प्रश्न आधी थोडक्यात देतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. एका ताईंनी चाकणच्या टियर-वन (गाडीकंपनीला थेट पार्ट पुरवणाऱ्या) कंपनीत १४ वर्षं क्वालिटीत काढली, शेवटी शेवटी सप्लायर क्वालिटी, म्हणजे व्हेंडरकडून येणाऱ्या मालाची क्वालिटी, बघत होत्या. घरच्या कारणाने नोकरी सोडली, आता आठवड्याला तीन दिवस काम करायचंय. भोसरीतल्या दोन वर्कशॉपवाल्यांनी बोलावलंय, एकाला आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटी सर्टिफिकेट) घ्यायचंय आणि दुसऱ्याकडे कस्टमर कम्प्लेंट थांबत नाहीयेत. पहिल्याने फोनवरच विचारलं, "मॅडम, तासाचे किती घेता?" यांनी हिशोब केला तो असा: पॅकेज १२ लाख, वर्षाचे ५० आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, दिवसाचे ८ तास, झाले २४०० तास, म्हणजे तासाला ५००. आणि वर विचारतायत की मी पार्ट-टाइम आहे, नवीन आहे, तर ४०० सांगू का.

नका सांगू. ४०० पण नको आणि ५०० पण नको.

त्या २४०० तासांत काय काय होतं ते आठवा. सकाळचा चहा, प्रॉडक्शन मीटिंग, लाइन बंद म्हणून रिकामा बसलेला अर्धा दिवस, गणपती, दिवाळी, आजारपणाची रजा, एचआरने लावलेलं ट्रेनिंग, सर्व्हर डाऊन. कंपनी या सगळ्याचे पैसे देत होती. आता पार्टी फक्त तुम्ही तिच्यासाठी काम करता तेवढ्याचेच देणार. कोटेशन बनवायचा तास, पेमेंटसाठी चार वेळा फोन करायचा तास, कस्टमर स्पेसिफिक रिक्वायरमेंट (त्या कस्टमरच्या खास अटी) बदलल्या म्हणून रात्री वाचत बसायचा तास, याचं बिल कोणाच्या नावाने फाडणार?

म्हणून हिशोब उलटा करायचा, आधी बिल होणारे तास काढायचे. तीन दिवस म्हणजे आठवड्याला २४ तास धरू. वर्षाचे ५२ आठवडे कोणालाच मिळत नाहीत, मुलांच्या परीक्षा, मे महिना, दिवाळीचं शटडाऊन, मार्चएंडला शेठ कोणाला भेटत नाही तो आठवडा, हे सगळं काढून ४४ धरा. २४ गुणिले ४४ म्हणजे १०५६ तास. यातले बिल होणारे पहिल्या वर्षी निम्म्यापेक्षा थोडे जास्त, मी ५५ टक्के धरतो, म्हणजे ५८० च्या आसपास. हा आकडा बघून धक्का बसेल पण खरा हाच असतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत तर यापेक्षा कमीच निघतो.

आता लागणारे पैसे. अर्धा वेळ म्हणजे अर्धं पॅकेज धरू, ६ लाख. त्यात आधी जे कंपनी गुपचूप करत होती ते मिळवा: घरच्यांचा मेडिक्लेम आता स्वतःचा, पेट्रोल आणि गाडीची झीज, लॅपटॉप, फोन, सीए, एआयएजीची (अमेरिकेतल्या ऑटो उद्योगाची संस्था) मॅन्युअल्स विकत घ्यायची (ऑफिसमधल्या कपाटातली आता मिळणार नाहीत), वर्षातून एखादं ट्रेनिंग, प्रोफेशन टॅक्सचे २५००. हे दीड लाख धरू, तुमचं कमी-जास्त होईल. झाले साडेसात. यावर १५ टक्के बुडीत आणि रिकाम्या महिन्यांसाठी, म्हणजे ८ लाख ६२ हजार. भागिले ५८०. उत्तर येतं १४८७. म्हणून तासाला १५००.

पाचशेचे पंधराशे झाले आणि यात लोभ कुठेच नाहीये, अर्धं पॅकेजच मिळतंय तुम्हाला.

आता पार्ट-टाइमचा मुद्दा, कारण सगळेच तिथे अडखळतात. पार्ट-टाइम म्हणजे स्वस्त असं डोक्यात बसलेलं असतं. पण तुमच्याच जागी कोणी फुल-टाइम कन्सल्टंट धरा. आठवड्याला ४८ तास, ४६ आठवडे, २२०८ तास, त्याच्या ओळखी जास्त म्हणून ६० टक्के बिल होतात असं धरू, १३२५ तास. त्याला पाहिजेत १२ लाख, खर्च २ लाख १० हजार, वर तेच १५ टक्के, म्हणजे १६ लाख २० हजारच्या आसपास. तासाला पडले १२२५. का कमी? कारण मेडिक्लेम, लॅपटॉप, सीए, मॅन्युअल्स हे अर्ध्या वेळेला अर्धे होत नाहीत, आणि नवीन पार्टी शोधायला लागणारी धावपळ पण अर्धी होत नाही, दोन पार्ट्या असोत की पाच, कोटेशन तेवढंच लिहावं लागतं. त्यामुळे पार्ट-टाइमवाल्याचा तास फुल-टाइमवाल्यापेक्षा महाग पडतो, स्वस्त नाही. हे एकदा स्वतःच्या कागदावर मांडून बघा, मग शेठसमोर बसल्यावर आवाज खाली जात नाही.

बरं, १५०० आला म्हणजे तो आकडा फोनवर सांगायचा का? तर नाही. हा तासाचा दर स्वतःच्या वहीसाठी. भोसरीत, चाकणला, रांजणगावला कोणी तास विकत घेत नाही हो. तिथे भाषा "विझिटचे किती" किंवा "मॅन-डेचे किती" अशी आहे, त्या शेठने तास विचारला कारण त्याच्या जॉबवर्कला मशीन अवर रेट लागतो, व्हीएमसीचा तास इतका, सीएनसीचा तास इतका, त्याच चष्म्यातून तो तुमच्याकडे बघतोय. व्हीएमसीच्या तासाशेजारी तुमचे १५०० ठेवले की तो लगेच म्हणणार, मॅडम माझं पन्नास लाखाचं मशीन यापेक्षा कमीत चालतं. त्या वादात तुम्ही जिंकू शकत नाही.

शिवाय तास सांगितला की समोरचा घड्याळ लावून बसतो. रिक्षाचं मीटर पडतंय तसं. तुम्ही शॉपफ्लोअरवर ऑपरेटरशी पाच मिनिटं गप्पा मारल्या की त्याला वाटतं पैसे वाया चालले, आणि खरं तर आपलं अर्धं काम त्या गप्पांतच होतं.

एक उदाहरण देतो. एका शॉपला कस्टमरकडून सारखी कम्प्लेंट, पिन बोअरमध्ये (भोकात) घट्ट जाते, लाइनवर हातोडी मारावी लागते. बोअर २५ मिमी एच७, म्हणजे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. यांच्याकडे १०० टक्के प्लग गेजने (भोकात घालून बघायची मापाची दांडी, तिची गो साइड आत गेली की भोक लहान नाही) चेकिंग, रेकॉर्ड नीट, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला, तरी कम्प्लेंट. त्यांनी तीन वेळा ८डी (कम्प्लेंटवर कस्टमरला द्यायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) भरून दिला होता आणि तिन्ही वेळा रूट कॉज काय, तर "ऑपरेटर निग्लिजन्स" आणि ॲक्शन काय, तर "ऑपरेटरला ट्रेनिंग दिले". मी मशीनवर जाऊन फक्त गेज हातात घेतला आणि त्यावरचा नंबर वाचला. सर्टिफिकेटवरचा नंबर वेगळा. कॅलिब्रेट केलेला चांगला गेज क्यूसीच्या कपाटात डबीत, हरवू नये म्हणून जपून ठेवलेला, आणि मशीनवर जुना, ज्याची गो साइड झिजून बारीक झालेली. गो साइड झिजली की लहान झालेला बोअर पण ओके होऊन पुढे जातो, मग तिकडे पिन घट्ट जाणारच. ऑपरेटर बिचारा बरोबरच चेक करत होता. एकूण वेळ गेला दीड तास, त्यातला निम्मा चहात. तासाच्या दराने हे बिल होतं सव्वादोन हजार. आणि त्या शेठला प्रत्येक रिजेक्ट लॉटमागे कस्टमरकडे माणसं पाठवून सॉर्टिंग, डेबिट नोट, टेम्पोचं भाडं, वर क्वालिटी रेटिंग घसरलेलं, नवीन पार्टची आरएफक्यू (कोटेशनची मागणी) येणं थांबलेलं. जितका अनुभव जास्त तितकं लवकर सापडतं आणि तासाच्या हिशोबात तितके पैसे कमी मिळतात, हे कुठलं गणित.

म्हणून सांगायचं अर्ध्या दिवसाचं. कमीत कमी युनिट अर्धा दिवस, चार तास, १५०० च्या हिशोबाने ६०००, पूर्ण दिवस १२०००. दीड तासात सापडलं तर उरलेल्या वेळात गेज मास्टर लिस्ट बघा, बाकीच्या मशीनवर असाच घोळ आहे का ते बघा, एक पानाचा रिपोर्ट लिहून द्या, पण बिल अर्ध्या दिवसाचंच. आमच्या भागात एकट्याने काम करणाऱ्या कन्सल्टंटचा दिवस पाच-सहा हजारापासून पंधरा-वीस हजारापर्यंत मी ऐकलाय, तेव्हा बारा म्हणजे काही जगावेगळं नाही, चौदा वर्षांच्या सप्लायर क्वालिटीवाल्या माणसाला तर अजिबातच नाही.

तासाचा दर उघड कुठे वापरायचा? घरून करायच्या कामात. एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता) रिव्ह्यू करून द्या, कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं याचा कागद) तपासून द्या, पीपॅपची (नवीन पार्टच्या मंजुरीची) फाइल जायच्या आधी एकदा नजर घाला, ऑनलाइन ट्रेनिंग. तिथे तास ठीक आहे पण अंदाजे तास आधी लिहून द्या, "पाच ते सात तास, सातच्या वर जाणार असेल तर आधी विचारेन". नुसता दर दिला आणि शेवटी ११ तासांचं बिल पाठवलं की संबंध गेला.

व्हॉट्सॲपचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला पाहिजे होतं. रात्री दहाला ऑडिट एनसीचा (ऑडिटरने काढलेल्या त्रुटीचा) तिरका फोटो येतो, खाली "मॅडम प्लीज रिप्लाय". एकदा दिलं उत्तर की रोज. यावर माझा तोडगा रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली रक्कम. महिन्याला चार अर्धे दिवस, २४०००, त्यात कामाच्या वेळेत फोन-व्हॉट्सॲप धरलेलं, न वापरलेली विझिट पुढच्या महिन्यात ढकलायची नाही. हा शेवटचा मुद्दा लिहूनच घ्या, नाहीतर एप्रिल-मेमध्ये बोलवत नाहीत आणि जूनला ऑडिट आलं की सगळ्या साचलेल्या विझिट एकाच आठवड्यात मागतात. रिटेनरला पैसे महिन्याच्या सुरुवातीला ॲडव्हान्स येत असतील तरच ५-१० टक्के सूट, एरवी नाही.

आयएटीएफवाल्या पार्टीला मात्र ना तास ना दिवस, तिथे एकरकमी प्रोजेक्ट. पण ती रक्कम तासांवरूनच बांधायची. समजा २४ अर्ध्या विझिट लागतील, ९६ तास, घरचं डॉक्युमेंटेशन ६० तास, झाले १५६, गुणिले १५०० म्हणजे २ लाख ३४ हजार, थोडी हवा ठेवून अडीच लाख सांगा. सर्टिफिकेशन बॉडीची फी वेगळी, ती पार्टी थेट त्यांना देणार, हे कोटेशनवर ठळक. खूप जणांना वाटतं अडीच लाखात सर्टिफिकेट घरपोच. आणि शेवटचा हप्ता सर्टिफिकेटला बांधू नका हो. शेठ हमखास म्हणतो "सर्टिफिकेट आलं की लास्ट पेमेंट". स्टेज-वन झालं, स्टेज-टू झालं (सर्टिफिकेशनची दोन ऑडिट), मेजर एनसी निघाली, ती का निघाली तर सहा महिन्यांत मॅनेजमेंट रिव्ह्यू मीटिंग एकदाही घेतली नाही, आणि ती न घेणारा शेठच. मग पैसे अडकणार तुमचे. हप्ते असे करा: कामाला सुरुवात करताना ३० टक्के, डॉक्युमेंट रिलीज झाले की ३०, इंटर्नल ऑडिट झालं की ३०, स्टेज-टूच्या पहिल्या दिवशी १०. सगळे टप्पे तुमच्या कामाचे, ऑडिटरच्या निकालाचा एकही नाही.

घासाघीस होणारच. संवाद साधारण ठरलेला असतो:

"मॅडम, सहा हजार जास्त होतात, आमच्याकडे एक जण तीन हजारात येतो."

"येत असतील. त्यांच्याकडून झालं असतं तर तुम्ही मला फोन केला नसता."

हे हसत म्हणायचं, टोमणा वाटता कामा नये. आणि त्यानंतर गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. आपल्याकडे शांतता झाली की आपणच घाबरून "बरं पाच करू" म्हणतो, समोरचा तोपर्यंत काही बोललेला पण नसतो. खरंच त्याचं बजेट नसेल तर दर तोच ठेवून काम कमी करा. "चार विझिटऐवजी दोन करू, पहिल्या महिन्यात फक्त कम्प्लेंटवाले दोन पार्ट घेऊ, बाकीची लाइन नंतर." त्याला कमी पैसे पडले, तुमचा दर शाबूत. एकदा चार हजाराला गेलात की त्या एरियात तुमचा दर चार हजार, कारण हे सगळे शेठ एकाच असोसिएशनच्या मीटिंगला चहा पितात, तुम्हाला मात्र वाटतं बोलणं दोघांतच राहिलं.

"पहिली विझिट फ्री" असं पण काही जण करतात. माझं मत, फोनवर अर्धा तास मोकळेपणाने बोला, त्याचे पैसे नकोत, पण शॉपफ्लोअरवर पाय ठेवला की बिल. शॉपफ्लोअरवर तुम्ही वीस मिनिटांत जे पाच प्रॉब्लेम दाखवता तेच तर विकायचंय. ओळखीतला असेल, नात्यातला असेल तर एकदा पूर्ण फुकट करा आणि बिलावर ६००० लिहून खाली सूट ६००० दाखवा. नुसतं अर्ध्यात करून दिलं तर त्याला कायमचं वाटतं की हाच दर.

एक नाजूक गोष्ट आता. तुम्ही सप्लायर क्वालिटीत होतात, म्हणजे हे दोन शेठ कदाचित तुमच्या जुन्या कंपनीचेच व्हेंडर असतील. तसं असेल तर ते तुमच्या ज्ञानाचे पैसे देतायत की तुमच्या आतल्या ओळखीचे, हे आधी ओळखा. "मॅडम तुमचा एक फोन गेला की पीपॅप साइन होईल" असं वाक्य आलं तर दर वाढवून सुद्धा ते काम घेऊ नका. ओळख वर्षभर चालते, मग तिकडचा माणूस बदलतो आणि तुमची किंमत शून्य. शिवाय रिलीव्हिंगच्या वेळी सही केलेल्या कागदात गोपनीयतेचं काय लिहिलंय ते काढून वाचा, जुन्या कंपनीचे फॉरमॅट, एफएमईए, लॉगो पुसून वापरणं पण नको, ऑडिटरला लगेच ओळखू येतात.

प्रवास. भोसरीत अर्ध्या दिवसाचे ६००० मध्ये येणं-जाणं धरलेलं असू दे, पण चाकणला तळेगाव चौकात तास तास जातो, तिथे अर्धा दिवस घेऊच नका, पूर्ण दिवस सांगा किंवा एकाच दिवशी दोन पार्ट्या लावा. आणि गुरुवारी भोसरी-पिंपरी एमआयडीसीला सुट्टी असते हे तुम्हाला माहितीच आहे, तो दिवस घरच्या डॉक्युमेंटेशनला टाका, तीन दिवसांत गुरुवार धरून बसलात तर विझिटचा एक दिवस फुकट जाईल. कोल्हापूरचं फाउंड्रीचं काम आलं, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव, तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर एका बाजूने, तिथे सलग दोन दिवस कमीत कमी, प्रवासाचा अर्धा दिवस बिलात, राहणं-जेवण त्यांच्याकडे. अर्ध्या वेळेत काम करणाऱ्या माणसाला असा एक प्रवास अख्खा आठवडा खातो, हे विसरून हो म्हणू नका.

आता कागदपत्रं. मी सीए नाही, पण दर ठरवताना लागतं तेवढं सांगतो, बाकी तुमच्या सीएला विचारा. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर वेगळे, मी सवयीचे जुने नंबर वापरतोय. पार्टी तुमचा टीडीएस कापणार, १९४जे मध्ये, प्रोफेशनल फीवर १० टक्के, एका पार्टीकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की (आधी ही मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली). काही अकाउंटंट टेक्निकल सर्व्हिस म्हणून २ टक्के कापतात, त्यावर भांडू नका. टीडीएस हा खर्च नाही, तुमच्याच खात्यावर जमा होतो, म्हणून दरात तो वाढवून घ्यायचा नसतो. पण हातात येणारे पैसे कमी दिसतात हे धरून चाला: वर्षाला ८ लाख ६२ हजारचं बिलिंग आणि सगळीकडे १० टक्के कापले तर ८६ हजार रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत अडकलेले. तीन महिन्यांतून एकदा २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा सरकारी तक्ता) उघडून बघा, कापतात आणि भरत नाहीत अशा पार्ट्या असतात. ४४एडीए तुम्हाला लागू होतं का हे सीएला पहिल्याच भेटीत विचारा. इंजिनिअरिंग आणि टेक्निकल कन्सल्टन्सी त्यात येते, जमेच्या निम्मे उत्पन्न धरून टॅक्स, हिशोबाची वही ठेवायची कटकट वाचते, मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख, आपण त्याच्या आसपास पण नाही.

जीएसटी: सर्व्हिसला २० लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही. तुमचे साडेआठ लाख, घेऊ नका. शेठचा अकाउंटंट म्हणेल "मॅडम जीएसटी नंबर नाही?" नाही म्हणायचं, बिलावर जीएसटी लावायचाच नाही, त्याचं काही नुकसान होत नाही, तुम्ही लावला असता तर त्याने क्रेडिट घेतलं असतं, एवढंच. पण कोटेशनवर "जीएसटी लागू झाल्यास वेगळा" ही ओळ आत्तापासून टाका, नाहीतर पुढे रजिस्ट्रेशन घ्यावं लागलं की १८ टक्के तुमच्या ६००० मधून जातील.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र या आठवड्यातच करा, सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटच्या साइट बऱ्याच आहेत, त्यावर जाऊ नका. एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्याज कोणी देत नाही आणि आपण मागतही नाही, दरवाजे बंद होतात. पण २०२३-२४ पासून आयकराचं कलम ४३बी(एच) आलं, मायक्रो-स्मॉल युनिटचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चला थकलेलं राहिलं तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्या वर्षीच मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीत त्यांचा सीएच विचारतो की हे उद्यमवाल्यांचं पेमेंट का बाकी आहे. बिलाखाली उद्यम नंबर छापलेला असला की हे आपोआप होतं, तुम्हाला तोंड वाईट करावं लागत नाही. शेठ लोकांचीही बाजू आहे, त्यांना स्वतःला कस्टमरकडून ६०-९० दिवसांनी पैसे येतात, म्हणूनच ॲडव्हान्सवर भर द्या, पुढच्या तारखांवर विसंबू नका.

दर वाढवायचा कधी, तर दरवर्षी १ एप्रिलला, फेब्रुवारीत मेल टाकून. नवीन पार्टीला वाढलेला दर आधी लावा, जुन्यांना नंतर. सलग चार-पाच जण काही न बोलता हो म्हणाले तर समजा दर कमी आहे. दहातले तीन-चार नाही म्हणत असतील तर बरोबर चाललंय, तुम्हाला वर्षाचे ५८० तासच भरायचेत, सगळं भोसरी नाही.

नोकरीत राहून हे करू का असं अजून काही जणांनी विचारलंय. आधी अपॉइंटमेंट लेटर वाचा. २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगवरून (नोकरीत राहून दुसरं काम) ३०० लोक काढले होते आणि त्याच वर्षी स्विगीने उलट परवानगीची पॉलिसी आणली, म्हणजे कंपनी कंपनीवर आहे. ऑटोमध्ये माझ्या बघण्यात तरी बहुतेक ठिकाणी लेखी परवानगीशिवाय नाहीच, आणि आपल्याच कंपनीच्या व्हेंडरकडे तर कुठेच नाही.

ताई, दोघांना उत्तर आजच पाठवा, उशीर झाला की ते तीन हजारवाल्याला बोलावतात. कम्प्लेंटवाल्याला लिहा: "विझिट अर्ध्या दिवसाची, ६००० रुपये, पहिल्या विझिटमध्ये कम्प्लेंटवाले दोन पार्ट बघून लेखी रिपोर्ट देईन, येण्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या कम्प्लेंट आणि ८डी मेल करा, पेमेंट विझिटच्या दिवशी." आयएटीएफवाल्याला फोनवर आकडा सांगूच नका, एक गॅप ऑडिट (सर्टिफिकेटसाठी काय काय कमी आहे ते बघणारं) पूर्ण दिवसाचं १२००० ला करा, त्याचं बिल घ्या, त्यातून विझिट किती लागतील ते कळेल आणि शेठ मॅनेजमेंट रिव्ह्यूला बसणारा आहे का ते पण कळेल, मग अडीच लाखाचं कोटेशन द्या. काम दिलंच तर गॅप ऑडिटचे १२००० त्यातून वजा करते म्हणा, तेवढी हवा अडीच लाखात आहेच. आणि पुढे पेमेंट अडकलं तर फोन शेठला न करता अकाउंट्सला बसणाऱ्या मुलाला करा, बिल कुठल्या फाइलला आहे ते त्यालाच माहीत असतं.